‘डेडलाइन’ या शब्दात ‘डेड’ कोठून आला?

प्रश्न: काम पूर्ण करण्याच्या अंतिम मुदतीला इंग्रजीत ‘डेडलाइन’ म्हणतात. मुदतीचा मृत्यूशी आणि रेषेशी काय संबंध असावा?

प्रतिसाद १: संबंध शब्दशः आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत तटबंदीच्या आतल्या बाजूला सुमारे १९ फुटांवर एक बुटके कुंपण घातलेले होते आणि ते ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या सीमेला ‘डेड लाइन’ म्हणत. छावणीत सुमारे १३,००० कैदी दगावले. त्यांतील बहुतेकांचा बळी मात्र रोगराई आणि कुपोषणाने घेतला, हे येथे सांगणे मला आवश्यक वाटते. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावरील १८६५ च्या खटल्यातही या रेषेचा उल्लेख झाला.

प्रतिसाद २: मुदतीचा अर्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी वृत्तपत्रांच्या व्यवहारातून रूढ झाला, कारण ठरलेल्या वेळेनंतर हाती आलेला मजकूर त्या अंकात छापता येत नसे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग ‘अंतिम डेडलाइन’ म्हणणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद २: ती द्विरुक्ती होईल. मुदत वाढवून दिली असल्यास ‘सुधारित डेडलाइन’ म्हणणे अधिक अचूक आहे.