अनुभव धागा: विमान, बॅग आणि काउंटरवरची उत्तरं

माहेरवाशीण
काल जुनी पर्स रिकामी करताना बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली बॅगेची पावती सापडली आणि पोटात कालवलं. २०१७. धाकटीचं डोहाळजेवण, बंगळुरू. हिरवी साडी आणि आईने आपल्या नऊवारीचं हाताने शिवलेलं दुपटं एकाच बॅगेत. बेल्टवर शेवटी सुतळीने बांधलेला एक खोका तेवढा फिरत राहिला, आम्ही दोघी बघत उभ्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरी जा, रात्रीपर्यंत फोन येईल." गेलो. फोन आला नाही. आठ दिवसांनी उत्तर, तुमची तक्रारच नोंदलेली नाही. बॅग आली नाही तर बाहेर पडायच्या आधी पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची नोंद करणारा फॉर्म, भरून प्रत हातात घ्यायची, हे तेव्हा कळलं. साडीचं जाऊ दे. आईचे डोळे तोवर अधू झाले होते, दुसरं दुपटं तिच्याने शिवून झालं नाही.
तुमचं काय झालं, काय मिळालं, लिहा.

सातारी
वाईट वाटलं ताई. माझ्याकडे पीआयआर होता तरी सहा महिने नुसते ईमेल चालू होते. देशातल्या प्रवासात बॅगेसाठी जास्तीत जास्त २०,००० रुपये भरपाई हे तेव्हा समजलं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील केला नाही, मीच उभा राहिलो. चौदा महिने लागले पण पैसे आले.

वऱ्हाडी
वेळेत पोचलो, वेब चेक-इन केलेलं, तरी म्हणे सीट नाही. ओव्हरबुकिंग, म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकलेली. पुढचं विमान आठ तासांनी. मी म्हटलं, लिहून द्या. तिथून सूर बदलला. नियम असा, एका तासात दुसरं विमान दिलं तर काही नाही, पण २४ तासांच्या आत दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,००० द्यावे लागतात. त्याहून उशीर केला तर चौपट, कमाल २०,०००. त्या पोरीवर मी आवाज चढवला नाही, तिच्या हातात काय असतं?

कोथरूडची काकू
आमच्या खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या चेक-इन बॅगेतून. दोन किलो! सुकं खोबरं पेट घेतं म्हणे, तेलामुळे. लेकीकडे मसाला करायचा होता.

वऱ्हाडी
काकू, पुढच्या वेळी मसालाच करून न्या.

कोथरूडची काकू
तेच केलं बाळा. पण तिच्याकडे ताजा भाजला असता तर वास वेगळाच.

मडगावकर
गोव्याचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघा रे. जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. काका सवयीने दाभोळीला गेले, विमान मोप्याहून. गोव्याची दोन टोकं. विमान गेलं, तिकीट गेलं. तिकिटावर मोठ्या अक्षरांत का छापत नाहीत, खरंच राग येतो.

फ्रँकफर्टहून
इथून मुंबईला निघालेलं विमान पाच तास उशिरा पोचलं. युरोपचा २६१ क्रमांकाचा नियम, ३५०० किलोमीटरच्या वर माणशी ६०० युरो. दोनदा नकार, तिसऱ्या पत्रानंतर दिले. आपल्याकडे नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही याची खंत वाटते. खाणंपिणं, आणि सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा.

लोहगावात अडकलेला
मी आत्ता विमानतळावरच आहे. नागपूरचं विमान अडीच तास लेट दाखवतंय. बाबा सोबत, शुगर आहे. खाणं खरंच देतात का? कुणाला विचारू?

सातारी
देतात. एवढ्या छोट्या प्रवासाला दोन तासांच्या वर उशीर म्हणजे द्यावंच लागतं. गेटवरच्या माणसाला बोर्डिंग पास दाखवा आणि डायबेटिस आहे हे आधी सांगा. नाही म्हणाले तर एअरसेवावर, म्हणजे सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवर, तिथूनच तक्रार टाका.

माहेरवाशीण
बाबांना आधी बिस्किट तरी द्या हो. बोर्डचा फोटो काढून ठेवा, वेळ दिसेल असा.

कोथरूडची काकू
इन्सुलिन हातातल्या बॅगेत आहे ना?

लोहगावात अडकलेला
हो काकू, हातातच आहे. फोटो काढला. आधी म्हणाले वरून सूचना नाही. नियम आहे म्हटल्यावर दहा मिनिटांत उपमा आणि पाणी आलं, आमच्या मागच्या चार म्हाताऱ्यांनाही. बाबा खातायत. आता पाऊण तासात बोर्डिंग म्हणतात.