निवांत नोकरी सोडून युनिफॉर्मच्या कारखान्यात जावं का? (सोलापूरकरांनो सांगा)

जुळे_सोलापूरची
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, आधीच सांगते. मी ३३ वर्षांची, बीकॉम, इथल्याच एका पतसंस्थेत अकाउंटला आहे, १९ हजार हातात येतात. काम म्हणजे पिग्मी एजंटांचा भरणा टॅलीत घ्यायचा, कर्जाचे हप्ते, थकबाकीवाल्यांना नोटिसा, आणि मार्च एन्डला ऑडिटर आले की दहा-बारा दिवस पळापळ. बाकी वर्षभर साडेपाचला स्कूटी काढली की पावणेसहाला घरात. आपल्याकडं पाणी चार-चार दिवसांनी येतं हे तुम्हाला माहितीच आहे, तर पाण्याच्या दिवशी अर्धा तास उशीर झाला तरी साहेब काही बोलत नाहीत. मुलगा दुसरीत आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मिस्टर फिरतीवर.

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातून ऑफर आलीय, ३४ हजार. पण सगळं बघायचं, कॉस्टिंग, जीएसटी, पार्ट्यांची उधारी, कारागिरांचा आठवड्याचा पगार. मालक तोंडावरच म्हणाले, मार्च ते जून घड्याळाकडं बघायचं नाही.

घरचे म्हणतात चाललंय ते बरं चाललंय, कशाला डोक्याला ताप. पण खरं सांगू का, गेल्या वर्षभरात आपण नवीन काय शिकलो ते आठवत बसले तर प्रिंटरचं कार्ट्रिज बदलायला शिकले एवढंच आठवलं. काय करू?

पूर्वभाग_ओव्हरलॉक
ताई मी याच लाइनीत १४ वर्षं आहे, आधी कटिंगला आणि आता सुपरवायझर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडं जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की वर्ष सुरू होतं. तोवर सॅम्पल गेलेली असतात, मग ऑर्डरी पक्क्या, मग कापड वेळेत येतंय का नाही ते बघायचं, आणि एप्रिल-मे मधी पत्र्याच्या शेडमधी ४३ डिग्रीत काम. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात पण सीबीएसईवाल्यांना एप्रिलातच माल लागतो, त्यामुळं दोन्हीकडून मार. शनिवारी पगार वाटायचा असतो, कारागीर पीसवर (जेवढे नग शिवले तेवढे पैसे), एका जरी बाईचे २० पीस कमी लागले तर पूर्ण लाइन थांबते. आणि अर्धी लाइन तेलुगूत भांडते, थोडं शिकून घ्या.

पण कॉस्टिंग शिकायला मिळतंय तर ते क्लासमधी मिळत नाही ताई. एका शर्टाला ५ सेंटिमीटर कापड जादा धरलं तर दोन हजार शर्टांना १०० मीटर होतं, आणि कमी धरलं तर शेवटच्या ३६-३८ साइजला कापडच उरत नाही. हे ज्याला जमतं त्याला सोलापुरात काम कमी पडत नाही, आज इथं तर उद्या दुसरीकडं. पतसंस्थेतला अनुभव घेऊन तुम्ही दुसऱ्या पतसंस्थेतच जाणार.

एकच करा. तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं, किती दिवस टिकलं आणि का गेलं ते शोधा. मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा.

हुतात्मावाला
मी उलटं सांगतो, राग मानू नका. मीपण दुप्पट पगार बघून पुण्याला गेलो होतो, सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, शनिवारी रात्री परत. कामाला मी भ्यालो नाही, पण तिथं रात्री नऊला मीटिंग लागायची आणि त्यात ठरायचं फक्त एवढंच की उद्या परत नऊला मीटिंग. दोन वर्षांत शिकलो काय तर शिव्या खायला. बीपीची गोळी घेऊन परत आलो.

तुमचे १५ हजार वाढतात म्हणता पण त्यातून पोराची ट्यूशन, पोळ्यांना बाई, पेट्रोल, आणि सीझनमधी रोज बाहेरून भाजी हे वजा करा. कागदावर करा, मनात नको. माझ्या हिशोबानं आठ-नऊ राहतील. तेवढ्यासाठी पोराचा अभ्यास सोडायचा का, तुम्हीच बघा.

शेंगाचटणी_कडकभाकरी
का बे हुतात्मावाला, तुमचा पुण्याचा राग ताईच्या अक्कलकोट रोडवर कशाला काढताय 😄 तिला संध्याकाळी घरी तर यायचंय.

खतावणी
भावनेचं बाकीच्यांनी सांगितलंच, मी पैशाचं सांगतो. ताई तिथं किती वर्षं झाली? कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. मूळ पगार आणि डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, असा हिशोब. मूळ पगार १५ हजार धरला तर ५ वर्षांचे ४३ हजारांच्या वर होतात. चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी मिळते असं मद्रास हायकोर्टाच्या एका निकालावरून लोक सांगतात, पण त्यासाठी संस्थेशी भांडत कोण बसणार. आणि पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) नवीन ठिकाणी ट्रान्सफर करा. नवीन ठिकाणी पीएफ कापतात का, का सगळं रोख हातात देतात, तेपण ऑफर लेटरवर लिहून घ्या. तोंडी ३४ हजारांना काही अर्थ नाही.

जुळे_सोलापूरची
सगळ्यांचे आभार. खतावणी दादा, माझी ५ वर्षं १६ नोव्हेंबरला पूर्ण होतात! हे माझ्या ध्यानातच नव्हतं, मी गणपती झाले की राजीनामा द्यायचा विचार करत होते. अकाउंटला असून माझा स्वतःचाच हिशोब मला येत नाही.

काल ओव्हरलॉक दादांनी सांगितलं तसं संध्याकाळी सातला कारखान्याच्या गेटवर जाऊन आले. वॉचमन मामा म्हणाले दोन वर्षांत दोन अकाउंटंट गेले. त्यातल्या एका मुलीचा नंबर मिळाला, ती म्हणाली काम भरपूर शिकले, मालक वाईट नाहीत, पण मे महिन्यात पार्टीचे पैसे अडकले की ऑफिसचा पगार दोनदा लांबला, कारागिरांचा नाही लांबत. ती आता दुसऱ्या गारमेंटमधी ४० वर आहे. म्हणजे हुतात्मावाले दादा पण खरे आणि ओव्हरलॉक दादा पण खरे.

कागदावर हिशोब केला, साडेनऊ हजार उरतात. मालकांना आज फोन करून दोन गोष्टी मागितल्या, पगाराची तारीख लेटरवर आणि जॉइनिंग डिसेंबरात. तारखेवर जरा कुरकुरले पण हो म्हणाले. तिसरी गोष्ट पाण्याच्या दिवसाची होती, त्यावर हसले, म्हणाले बाई आमच्याकडं तरी रोज कुठं येतंय.

सासूबाईंना अजून सांगितलं नाही. पितृपक्ष संपू दे म्हणतील, तोवर थांबते.

शेंगाचटणी_कडकभाकरी
ताई सीझनला डबा पाठवतो, पत्ता वॉचमन मामाकडून घेतो.