पुणे–अगत्ती सुट्टीचं चार्टर: एटीआर ४२ घ्यायचं की ७२?

लोहगावकर
दिवाळी-नाताळच्या सुट्टीत पुण्याहून थेट लक्षद्वीपला गट न्यायचा विषय निघाला की सहलवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, माणसं किती बसतील. त्याआधी तिथल्या अगत्ती विमानतळाची धावपट्टी बघा. १,२०४ मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि संपली की समुद्र. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाची २,५३५ मीटर आहे, म्हणजे तिच्या निम्मीही नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एटीआर ४२-६०० हे छोटं पंख्याचं विमान घ्यावं. कमाल १८,६०० किलो वजनाला, समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला त्याला उठायला सुमारे १,१०७ मीटर पुरतात. त्याच्या मोठ्या भावाला, ७२-६०० ला, २३,००० किलोला १,३१५ च्या आसपास लागतात. म्हणजे ७२ तिथून पूर्ण वजनानं उठूच शकत नाही, सीटा रिकाम्या ठेवाव्या लागणार. चार्टरमध्ये भाडं अख्ख्या विमानाचं भरायचं असतं. ७० सीटांचे पैसे मोजून ५५ जणांना नेण्यापेक्षा ४८ सीटांचं विमान भरून न्यावं.

जेटचा विषय काढू नका. उतरताना जेटला उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबता यावं असं धरतात, एटीआरसारख्या टर्बोप्रॉपला (पंख्याच्या विमानाला) ७० टक्क्यांत. १,२०४ चे ६० टक्के म्हणजे जेमतेम ७२२ मीटर.

सहापाती
धावपट्टीचं सगळं मान्य. पण हिशेब फक्त अगत्तीच्या टोकाकडून मांडलात, एकदा पुण्याच्या टोकाकडूनही मांडून बघा.

बेटावर इंधन भरायचं नाही असं धरूनच आखणी करावी. सुट्टीतल्या चार्टरचं वेळापत्रक तिथल्या साठ्याच्या भरवशावर टांगू नये. म्हणजे परतीचं इंधन पुण्याहूनच न्यायचं. अंतर सुमारे ८८० किलोमीटर, दोन तासांचं उड्डाण. ४२ चं रिकामं वजन ११,७०० किलोच्या घरात. ४८ माणसं, सामानासकट माणशी ९० किलो धरली तर ४,३२०. झाले १६,०२०. जायला साधारण १,२५० किलो इंधन, यायला तेवढंच. पुण्यात उतरता आलं नाही तर मुंबई गाठायचं, अर्ध्या तासाचं अंतिम राखीव आणि वर थोडं, असे मिळून आणखी ६५०. बेरीज १९,१७० किलो. मर्यादा १८,६००. ५७० किलो जास्त, म्हणजे सात माणसं लोहगावलाच राहिली. उरले ४१.

आता ७२ बघा. रिकामं १३,५००, ५५ माणसांचे ४,९५०, अगत्तीत उतरल्यावर टाकीत परतीचं आणि राखीव मिळून २,१००. तिथून उठताना वजन २०,५५०. जायचे १,४०० धरले तर पुण्याहून निघताना २१,९५०, मर्यादेपेक्षा हजार किलोनं कमी. शिवाय अगत्तीत उतरता आलं नाही तर कोची साडेचारशे किलोमीटरवर आहे. तिथवर जायचं इंधन वेगळं लागत नाही, त्या २,१०० मध्येच ते भागतं.

४१ की ५५, तुम्हीच ठरवा. छोट्या धावपट्टीला छोटं विमान हे ऐकायला बरं वाटतं, पण इथे ४२ ला धावपट्टी अडवत नाही, इंधन अडवतं.

लोहगावकर
बेरीज बरोबर आहे, पण परतीला थेट पुणंच का? येताना गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरा, इंधन घ्या आणि पुढे या. अगत्ती–मोपा सुमारे ५७५ किलोमीटर. पुण्याहून निघताना पाचशे किलोच्या आसपास इंधन कमी न्यावं लागतं आणि ४६–४७ माणसं बसतात. पाऊण तास जास्त जाईल आणि एका लँडिंगचे पैसे जास्त पडतील, बस्स.

आणि २०,५५० किलोनं ७२ उठेल, हे कोणत्या तापमानाला? दुपारी ३२ अंशाला तक्ता वेगळं सांगतो. पाठीमागून वारा असेल तर त्याचा वेग दीडपट धरून गणित करायचं असतं, समोरून असेल तर निम्माच धरता येतो. दहा नॉट मागून आले की तुमचे ५५ राहत नाहीत.

सहापाती
म्हणूनच वेळ सकाळची घ्यायची. लोहगाव हवाई दलाचं आहे, नागरी उड्डाणांना हवी ती वेळ मिळेलच असं नाही, तेव्हा पहिलं काम सकाळचा स्लॉट पक्का करणं. साडेसहाला निघालात तर साडेनऊच्या आत अगत्तीहून परत फिरता. दुसरी गोष्ट, तिथे डोंगर नाही, इमारत नाही. एक इंजिन गेलं तर चढून अडथळा ओलांडायचा प्रश्न येत नाही. अडतं ते फक्त लांबीवर: वेग घेऊन ऐनवेळी थांबायचं ठरलं तर थांबता आलं पाहिजे. शिमल्यात डोंगर आहेत, तिथे ४२ ची बाजू मी घेईन. अलायन्स एअरनं २०२२ मध्ये दिल्ली–शिमला ४२-६०० नंच सुरू केली, ते बरोबरच होतं.

आणखी एक. देशात ४२-६०० मोजकीच आहेत. सुट्टीच्या दिवशी एक बिघडलं तर बदली कुठून आणणार? ७२-६०० त्या मानानं भरपूर आहेत. (८०० मीटरवरून ४० माणसं उचलणारं ४२-६००एस येईल म्हणून कोणी थांबलं असेल, तर तो प्रकल्प एटीआरनं २०२४ मध्ये बंद केला.)

टेकू
कागदावरचं वजन झालं, आता जमिनीवरचं बोलू. दोन्ही एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं जादा इंजिन) नसतं. उभं असताना वीज आणि हवा हवी तर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. तासाला शंभरेक किलो इंधन त्यात जातं. सहापातींच्या बेरजेत ते नाही. पाऊण तास उभं राहिलात तर एका माणसाएवढं वजन गेलंच म्हणून समजा. दोन्ही इंजिनं बंद करून बॅटरीच्या भरवशावर राहायचं असेल तर ग्राउंड पॉवरची (बाहेरून वीज देणारी) गाडी चालू आहे ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

माणसं मागच्या दारानं चढतात. सगळे एकदम चढून मागेच घुटमळले तर नाक उचललं जातं, म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. तो विमानात आहे ना ते पुण्यातच बघायचं. ५५ माणसं ७० सीटांत बसवताना कोणत्या रांगा रिकाम्या ठेवायच्या हे लोडशीट (वजनाच्या वाटणीचा तक्ता) ठरवतं. "जागा रिकामी आहे, आम्ही मागे बसतो" हे चालत नाही, आणि गटाच्या व्यवस्थापकानं ते पुण्यातच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं. सामानाला कडक मर्यादा लावा आणि काट्यावर मोजा. डायव्हिंगवाल्यांची एकेक बॅग २०–२२ किलोची असते, असे दहा जण आले की ९० ची सरासरी कोलमडते.

शेवटचं म्हणजे लाइफ जॅकेट. एरवी समुद्रावर न जाणारं विमान भाड्यानं घेत असाल तर प्रत्येक सीटखाली ते आहे का, हे करारातच लिहून घ्या.

पाषाणरोड
मला हे चार्टरच पटत नाही. चार रात्रींची सहल धरा. पहिला गट सोडून विमान रिकामं परत येणार, शेवटचा गट आणायला रिकामं जाणार. पाच गट लागोपाठ नेले तरी बारा उड्डाणांतली दोन रिकामी, म्हणजे सहावा हिस्सा. एकच गट असेल तर निम्मी. त्यापेक्षा पुण्याहून मोप्याला किंवा कोचीला नेहमीच्या विमानानं जा आणि पुढे नियमित सेवा घ्या. फ्लाय९१ नं २०२४ मध्ये मोपा–अगत्ती ७२-६०० नंच सुरू केली. वजनाची कटकट त्यांची.

लोहगावकर
रिकाम्या फेऱ्यांचं खरं आहे. एका गटासाठी चार्टर मीही करणार नाही. पण नाताळात नियमित विमानात एका दिवशी ५० सीटा एकत्र मिळवून बघा. गट दोन-तीन दिवसांत तुटला की बोट, खोल्या आणि प्रवेश परवाने यांच्या तारखा जुळत नाहीत, आणि परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नाही. खोल्याही कमी आहेत. मग ४६ माणसं काय वाईट?

सहापाती
४६ माणसांचा गट असेल तर ४६ च न्या, पण ७२ मधून. ५५ च्या हिशेबापेक्षा आठशे किलो कमी, मोप्याला उतरायला नको, आणि टेकूंनी सांगितलेलं हॉटेल मोडचं इंधनही सहज बसतं. मे महिन्यात तर ४६ च्या वर विकूच नयेत. वळिवाची सर येऊन गेली की धावपट्टी ओली, आणि ओल्या धावपट्टीवर उतरताना १५ टक्के लांबी जास्त धरायची असते. म्हणजे १,२०४ मीटरला १.१५ नं भागून हिशेबात १,०४७ च उरतात. चार्टर कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा: अगत्तीहून ३२ अंशाला कोरड्या धावपट्टीवरचं कमाल वजन, ओल्या धावपट्टीवरचं, आणि पाच नॉट वारा मागून असतानाचं. तिन्हींतला सर्वांत लहान धरा, त्यातून विमानाचं रिकामं वजन आणि परतीचं इंधन वजा करा आणि ९० नं भागा. येईल तेवढ्याच सीटांची बुकिंग घ्या.