बाहुलीत तेलाच्या थेंबासारखी झाक

प्रश्न (परभणी): दीड महिन्याचं बाळ, कावीळ हटत नाही, दोन्ही डोळ्यांत झाक. आई-वडील नात्यातले. आधी काय तपासावं?

उत्तर १: गॅलॅक्टोसेमियाचा (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीरात नीट न मोडण्याचा आनुवंशिक आजार) संशय धरा. लघवीची बेनेडिक्ट चाचणी (ग्लुकोजबरोबर गॅलॅक्टोजही दाखवणारी) करा, नमुना दूध चालू असतानाच घ्या. फक्त ग्लुकोज दाखवणारी पट्टी निगेटिव्ह आणि बेनेडिक्ट पॉझिटिव्ह, तर संशय पक्का. गॅल्ट या गॅलॅक्टोज मोडणाऱ्या एन्झाइमच्या तपासणीसाठी रक्त मात्र रक्त चढवण्याआधीच काढा; नंतर दात्याच्या पेशींमुळे अहवाल फसवा नॉर्मल येतो.

उत्तर २: नमुने घेतले की अहवालाची वाट न पाहता दूध थांबवा, आईचंसुद्धा. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोया फॉर्म्युला द्या. डोळ्याच्या भिंगात गॅलॅक्टिटॉल (गॅलॅक्टोजपासून बनणारा पदार्थ) साठून पाणी ओढलं जातं. लवकर थांबवलं तर झाक ओसरू शकते. औषधांतलं लॅक्टोजही (दुधातली साखर) बघा, हे हमखास राहतं!

उत्तर ३: आजार पक्का ठरला तर पुढच्या प्रत्येक गर्भाला त्याचा २५ टक्के धोका, हे घरच्यांना आत्ताच सांगा.