पुढचे ब्रेक गरम झाले की पकडून राहतात – बूस्टरचा रॉड की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुनी फोर व्हील ड्राइव्ह व्हॅन आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. सकाळी गाडी अगदी मोकळी चालते. पंधरा-वीस किलोमीटर झाले, त्यातही सारखा ब्रेक लागत असेल, तर पुढची चाकं हळूहळू धरायला लागतात. उतारावर न्यूट्रलमध्येसुद्धा गाडी पुढे सरकत नाही. अर्धा तास थांबलं की आपोआप सुटतात. घरची सगळी याच गाडीतून फिरतात, त्यामुळे कारण कळेपर्यंत ती उभीच ठेवली आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी कॅलिपरवरच (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बोट ठेवलं. दोन्ही कॅलिपर खोलून नवीन सील घातले, स्लाइड पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले, ब्रेक ऑइलही पूर्ण नवीन भरलं. फरक शून्य.

मग मी स्वतः तपासायला बसलो. फोर व्हीलमध्ये एक घोळ असा की पुढचं चाक जड फिरलं तर ते ब्रेकमुळे की डिफरन्शियल आणि शाफ्टमुळे, हे कळत नाही. म्हणून पुढचे हब फ्री करून, म्हणजे चाकं शाफ्टपासून सुटी करून, दोन्ही चाकं जॅक-स्टँडवर घेतली. थंड असताना हाताने सहज फिरली. गाडी चालवून गरम करून आणली, पुन्हा उचलली, तर हलेनात. म्हणजे दोष ब्रेकचाच.

आता महत्त्वाचं. चाकं अशी धरलेली असताना डावीकडचा ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि डावं चाक सुटलं, पण त्याच क्षणी उजवंही सुटलं! कॅलिपरचा पिस्टन जाम असता तर प्रेशर सोडूनही चाक धरूनच राहिलं असतं. होज (कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी पाइप) आतून फुगून बंद झाला असता तर उजवीकडचं प्रेशर डावीकडून सुटलं नसतं. म्हणून होज पाइपांवरचा संशय मी सोडला. प्रेशर वरच, मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा भाग) अडकतंय.

पुढच्या खेपेला निपलला हात न लावता, इंजिन बंद करून, मास्टर सिलिंडर बूस्टरला (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा) धरणारे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल केले. चाकं लगेच मोकळी. तेव्हा आठवलं, काही महिन्यांपूर्वी बूस्टर बदलला होता, दुसऱ्या गाडीतून काढलेला. त्यानंतर पेडल वरच लागायला लागलं आणि ब्रेक सुधारले म्हणून मी खूश झालो होतो. आता इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल मारून बोटाने दाबून पाहिलं, तर मोकळी चाल जवळपास नाहीच.

माझा अंदाज असा: बूस्टरचा पुढचा रॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला सतत थोडा दाबून ठेवतोय, त्यामुळे ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, जायला वाट नाही, म्हणून पॅड डिस्कला दाबले जातात. गार झालं की ऑइल आकसतं आणि चाकं सुटतात.

आता अडलंय ते इथे:

बूस्टरचा पुढचा रॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यातली फट घरच्या घरी नेमकी कशी मोजायची? सिलिंडरच्या पिस्टनमधल्या खड्ड्याची खोली आणि रॉडची बाहेर आलेली लांबी डेप्थ गेजने मोजून वजाबाकी करायची म्हणतात. पण गॅस्केटची जाडी त्यात धरायची का? आणि बूस्टरमध्ये व्हॅक्यूम असताना मोजायचं की नसताना?

त्याआधी पेडलकडचा रॉड आणि ब्रेक लाइटचा स्विच तपासू का? स्विच फार पुढे बसला तर पेडल पूर्ण वर येत नाही, असं वाचलं आहे. की बूस्टरच आतून नीट परत येत नसेल? तो दोष वेगळा कसा ओळखायचा?

मागचे ड्रम मात्र जेमतेम कोमट होतात. पुढची आणि मागची लाइन वेगळी आहे म्हणून असं, की ड्रममधल्या स्प्रिंगा शूज ओढून धरतात म्हणून?

एकाने मास्टर सिलिंडरमागे वॉशर टाकून काम भागवायला सांगितलं. माझं मन धजत नाही, कारण तिथूनच व्हॅक्यूम सील होतो. ज्यांनी रॉड स्वतः सेट केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा. फोटो हवे असतील तर उद्या उजेडात काढून टाकतो.