गाडी रोज पुसू नका, घरी नीट धुवा. पटतंय का?

निळाई
गाडी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढायची सवय सोडा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. पुसल्यावर गाडी चकचकीत दिसते खरी, पण रंगाची वाट लागते. गाडीवर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर 7, काचेहूनही कठीण. आणि रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस बहुधा त्याहून जाड भरतो. त्या थरावर आपण एकाच बादलीत पुन्हा पुन्हा बुडवलेला, वाळू धरून बसलेला फडका गोल गोल घासतो. काळ्या गाडीच्या बोनेटवर भर उन्हात तिरकं पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे चरे दिसतील. ते ऊन-पावसाने पडत नाहीत, फडक्याने पडतात.

माझ्या मते पंधरवड्यातून एकदा धुवा, पण घरी आणि स्वतः. गाडी सावलीत घ्या, बोनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. आधी नुसतं पाणी मारून धूळ भिजू द्या, सुटू द्या. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शांपूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मगच पुन्हा शांपूत. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, दारांचा खालचा पट्टा शेवटी. चाकांना वेगळा ब्रश, वेगळं फडकं. ब्रेकची लोखंडी भुकटी चाकांवर बसलेली असते, ती रंगावर अजिबात यायला नको. शेवटी जाड मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. पाणी जड असेल तर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग राहतात आणि ते घासून जात नाहीत. कपड्यांची पावडर वापरू नका. भांड्यांचा साबणही नको, तो रंगावरचं वॅक्स, म्हणजे मेणाचा थर, धुऊन नेतो.

वंगण
मला हे पटत नाही. गाडी वापरायची वस्तू आहे. चरे पडतील, पडू देत. क्लिअर कोटचे मायक्रॉन मोजत बसायला कुणाला वेळ आहे? मी रोज पुसतो कारण काच स्वच्छ हवी, दिवे स्वच्छ हवेत आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी निघायला हवी. तुमच्या पंधरवड्याच्या हिशोबाने ती घाण पंधरा दिवस रंगावर राहिली तर डाग कायमचा बसेल. त्यापेक्षा बारीक चरे परवडले.

निळाई
@वंगण, काच आणि दिवे रोज पुसा, त्याला माझी ना नाही. तो सुरक्षिततेचा भाग आहे, आणि मागच्या कॅमेऱ्याचं भिंगही त्यात धरा. पक्ष्यांच्या घाणीबद्दल तर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ती आम्लधर्मी असते. उन्हात रंगाचा थर तापून किंचित सैल होतो आणि गार होताना त्या घाणीभोवती आवळला जातो, म्हणून तिथे मंद, बसल्यासारखा डाग राहतो. पण त्यासाठी अख्खी गाडी कशाला पुसायची? कागदी रुमाल पाण्याने चिंब करून त्या जागेवर ठेवा, दोन-चार मिनिटं राहू द्या, मग न घासता वरच्यावर उचला. एवढं रोज करा. बाकी पत्र्याला हात लावू नका.

पाणकळा
तुम्ही दोघेही रंगाबद्दल बोलताय, पाण्याबद्दल कुणीच नाही. माझं म्हणणं, घरी पाइपने गाडी धुणं बंदच व्हायला हवं. घरचा पाइप मिनिटाला साधारण 10 ते 20 लिटर पाणी सोडतो. चालू ठेवून वीस मिनिटं धुतलं की 200 ते 400 लिटर गेले. आणि ते जातं कुठे? बहुतेक ठिकाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातून थेट ओढ्यात, नदीत. मधे कुठलीही प्रक्रिया नाही. सोबत फेस, तेल, ब्रेकची भुकटी. शांपूतली फेस करणारी रसायनं माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. ब्रेक पॅडमधल्या तांब्याचा त्रास इतका लक्षात आला की कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदाच केला: 2021 पासून पॅडमध्ये तांबं 5 टक्क्यांच्या आत, 2025 पासून 0.5 टक्क्याच्या आत. पाणी गाळून पुन्हा वापरणारी धुलाई केंद्रं असतात, तिथे गाडी न्या. घरच्या धुण्याचं कौतुक मला झेपत नाही.

चिखलवाट
@पाणकळा, माझ्याकडे पिकअप ट्रक आहे आणि ती कच्च्या रस्त्याने चालते. केंद्रावर फिरत्या ब्रशखाली घातली की बाहेरून चमकते, खालून जशीच्या तशी परत येते. वर या ब्रशांत आधीच्या गाडीची वाळू असते, म्हणजे निळाईंचा मूळ मुद्दा तिथेही लागू होतोच.

ट्रकचा खरा शत्रू वरची धूळ नाही, खालचा चिखल आहे. तो चासीच्या पोकळ दांड्यांत, मडगार्डच्या वळलेल्या कडेत आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत जाऊन बसतो. वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. मी दर वेळी दारांच्या खालच्या कडेवरची भोकं बोटाने चाचपतो. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं असतं. भोक बुजलं की दारात पाणी साचतं आणि खालची शिवण फुगायला लागते. रंगाला फोड दिसला म्हणजे गंजाचं काम आत कधीच सुरू झालेलं असतं. हौद्याची भोकंही तशीच, आणि वायपरखालच्या खाचेत साठलेला पालापाचोळासुद्धा. हे काम केंद्रावरचा माणूस घाईत करणार नाही. ते मालकानेच करायचं.

प्रेशर वॉशरबद्दल एक कळकळीची सूचना. टायरच्या बाजूच्या भिंतीवर नोझल जवळून धरू नका, रबर कापलं जाऊ शकतं. रेडिएटरच्या पात्यांवरही नको, ती वाकतात. इंजिनात तर नकोच, वायरींच्या जोडांत पाणी शिरतं.

पाणकळा
@चिखलवाट, खालचा चिखल काढायलाच हवा, हे मान्य. पण त्याला साबण लागतो का? नुसतं पाणी पुरतं. आणि ती गाडी गटाराच्या तोंडाशी उभी करून धुवायची गरज नाही.

वंगण
एक शंका. ब्रेकची भुकटी, तेल हे सगळं पाऊस पडला की रस्त्यावरून नदीत जातंच ना? टायरच्या झिजेतून येणाऱ्या 6पीपीडी-क्विनोन नावाच्या रसायनाने कोहो सॅमन मासे मरतात, हे 2020 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं होतं. तिथे कारण गाडी धुणं नव्हतं, पावसाने धुतलेला रस्ता होता. मग घरी धुणाऱ्यालाच का धारेवर धरायचं?

पाणकळा
कारण शांपू पावसाबरोबर पडत नाही, तो आपण ओततो. आणि पाऊस आपल्या हातात नाही, पाइपची तोटी आहे.

सावलीकाठ
तुमचा बराचसा वाद रिन्सलेस वॉशने मिटू शकतो. एका बादलीत 8-10 लिटर पाणी, त्यात टोपणभर द्रावण. ऑप्टिमम नो रिन्स हे यातलं जुनं नाव, एका भागाला 256 भाग पाणी. पाइप नाही, फेस नाही, नंतर धुणं नाही. आधी तेच पाणी फवारून धूळ भिजवायची. मग चिंब भिजलेलं मायक्रोफायबर एकाच दिशेने हलकेच फिरवायचं, प्रत्येक भागाला त्याची नवी घडी घ्यायची, लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. गटारात काहीही जात नाही.

निळाई
@सावलीकाठ, धुळीने माखलेल्या गाडीला हे मलाही मान्य आहे. पण चिखलाला नाही. वाळलेला चिखल फवाऱ्याने सुटत नाही, कापडाखाली रगडला जातो आणि मग रोजच्या फडक्यात आणि यात फरक काय राहिला? माझा क्रम असा: नुसती धूळ असेल तर रिन्सलेस, चिखल असेल तर आधी पाणी. पाइपला बंद होणारी बंदूक लावली की तीन बादल्यांच्या पाण्यात काम भागतं.

सावलीकाठ
आणि ते मायक्रोफायबर सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकू नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं द्रावणही नको. त्याने कापडाची पाणी टिपायची ताकद जाते, मग आपण जोर लावतो, आणि पुन्हा चरे.

पाणकळा
@निळाई, तीन बादल्यांवर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण जागेचं काय? अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, गाडी गवतावर धुवा, माती पाणी गाळते. जर्मनीत नेमकं उलट, कच्च्या जमिनीवर धुवायला मनाई, कारण तेल आणि रसायनं मुरून भूजलात उतरतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं. म्हणून माझा आग्रह एवढाच: घरी धुवायचीच असेल तर साबणाचा वापर रंगाच्या पत्र्यापुरता ठेवा, इंजिन आणि चाकांवरची तेलकट घाण घरी धुऊच नका. आणि उरलेलं बादलीतलं पाणी रस्त्यावर ओतू नका, घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत टाका.

चिखलवाट
चाकांचं पटलं, यापुढे माझी चाकं केंद्रावरच धुतली जातील. पण चासी मी घरीच धुणार. बर्फासाठी मीठ टाकलेल्या किंवा समुद्रकाठच्या रस्त्यावरून गाडी आली की तर त्याच दिवशी. आणि धुऊन झाल्यावर लगेच हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी करू नका. थोडं अंतर चालवून हलके ब्रेक दाबून डिस्क कोरड्या करा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटून बसतात.

वंगण
रोजचा फडका आता काचेपुरता ठेवून बघतो. चऱ्यांबद्दल माझं मत मात्र तेच आहे.