तीन नवे वडील निवडायचे आहेत: हात वर करून की चिठ्ठीने?

नेरूळवासी
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी (चर्च) साधारण ६० घरांची. वडिलांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या (एल्डर), तीन जागा भरायच्या आहेत. आजवरची पद्धत म्हणजे वार्षिक सभेत नाव सुचवायचं, अनुमोदन द्यायचं, हात वर. नगरकडची घरं नगरच्या माणसाला, जालन्याकडची जालन्याच्या. शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून निवड करायची तर क्रम काय ठेवावा?

पत्रवाचक
हात वर करणं आधी बंद करा. शेजारी साडू बसलेला असताना त्याच्याविरुद्ध मत कोण देणार?

नावं निघण्याआधी दोन रविवार वडिलांच्या अटी सांगणाऱ्या १ तीमथ्य ३:१-७ आणि तीत १:५-९ यांवर उपदेश ठेवा. नावं आधी आली की लोक अटींची यादी नावाच्या मापाने कापतात. या यादीत कसब असं एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळी वागणूक: अतिथिप्रिय, भांडखोर नाही, द्रव्यलोभी नाही, घर नीट चालवणारा. जास्त वर्गणी देणारा किंवा प्रार्थनासभेला मोठा हॉल देणारा, हे त्यात कुठेच नाही.

मग दोन रविवार बंद पेटीत चिठ्ठ्या घ्या. सुचवणाऱ्याची सही हवीच, म्हणजे ‘हेच नाव का?’ असं त्याला विचारता येतं. त्यानंतर पाळकसाहेब आणि सध्याच्या वडिलांनी त्या घरी जावं, पत्नीशीही बोलावं. इथे काही जण नको म्हणतात; म्हणू द्या. १ पेत्र ५:२ प्रमाणे हे काम जुलमाने करायचं नाहीच.

सगळ्यात दुर्लक्षित अट १ तीमथ्य ३:७ ची आहे: बाहेरच्यांची साक्ष. सोसायटीचा मेंटेनन्स थकवतो का, हाताखालच्या लोकांशी कसा बोलतो, हे विचारा. नवी मुंबईत ११ महिन्यांच्या करारावर घरं बदलतात, त्यामुळे माणूस चर्चमध्ये दिसतो पण कळत नाही. आधीच्या मंडळीच्या पाळकांना फोन केल्याशिवाय नाव पुढे नेऊ नका.

नावं वाचून दाखवल्यावर हरकतींसाठी दोन रविवार. हरकत लेखी, सहीची, दोन साक्षीदारांसह. (१ तीमथ्य ५:१९ हे खरं तर नेमलेल्या वडिलांसाठी आहे, पण कुजबुज थांबवायला इथेही चालतं.) शेवटी गुप्त मतदान, प्रत्येक नावाला वेगळं ‘हो’ किंवा ‘नाही’. दोन तृतीयांश वगैरे जी मर्यादा असेल ती आधीच लिहून ठेवा. दोघंच पार झाले तर तिसरी जागा रिकामी राहू द्या. ‘हात ठेवण्याची (म्हणजे नेमणुकीची) घाई करू नको’ हे १ तीमथ्य ५:२२ त्याचसाठी आहे.

ऐरोली_सेक्टर
गावकीचा (आपल्या गावच्यालाच मत देण्याचा) प्रश्न मतदानाने सुटत नाही. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मथ्थियाला चिठ्ठ्या टाकूनच निवडलं ना, प्रेषितांची कृत्ये १? पात्र नावांमधून चिठ्ठी काढा, गट आपोआप मोडतात.

पत्रवाचक
तिथेही आधी अट होती: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून सोबत असलेला हवा. दोन नावं उरल्यावर चिठ्ठी. आणि पेन्टेकॉस्टनंतर (प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतर) नव्या करारात कुणाला नेमताना चिठ्ठी दिसत नाही.

गावकीसाठी कृत्ये ६ बघा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी कुरकुर होती, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक! पण निवडलं सगळ्या मंडळीने. ‘आमचे तीन, तुमचे चार’ अशी वाटणी झाली नाही. प्रेषितांनी अटी सांगितल्या, लोकांनी माणसं दिली, मग प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले.

ठाणे_पश्चिम
एक कोरडी गोष्ट. तुमच्या ट्रस्टच्या घटनेप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) वडील हेच विश्वस्त असतील, तर निवडीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची माहिती) द्यावा लागतो (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२). सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव आणि नव्या माणसांची संमतिपत्रं जपून ठेवा. नोटीस घटनेत लिहिलेल्या मुदतीपेक्षा एक दिवस जरी उशिरा निघाली, तरी नाराज गटाला हरकतीचा मुद्दा मिळतो आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. म्हणून ट्रस्टचा नोंदणीकृत पत्ता कुठला आहे तेही एकदा पाहा, म्हणजे कुठल्या कार्यालयात जायचं ते कळेल.

नेरूळवासी
आभारी आहे. आमच्यात वडील आणि विश्वस्त एकच आहेत. म्हणजे पेटी ठेवायच्या आधी घटनेतली नोटिशीची मुदत पाहावी लागेल.

ठाणे_पश्चिम
हो. आणि मतदार यादीही आधीच भिंतीवर लावा. कम्युनिकंट (प्रभुभोजन घेणारा पूर्ण सभासद) कोण, यावर सभेच्या दिवशी हमखास वाजतं.